केबल लावली, तरी नेट नाही

वायफाय रखडायला लागले की घरातला जाणकार हमखास एकच सल्ला देतो: राउटरमधून थेट वायर ओढा. सल्ला चांगलाच आहे. वायरने जोडलेल्या लॅपटॉपला शेजारपाजारच्या राउटरांचा त्रास होत नाही, मध्ये भिंत आली तरी फरक पडत नाही, आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेबांचा चेहरा अर्ध्या वाक्यावर गोठत नाही. पंचाईत होते ती वायर लावूनही काहीच घडत नाही तेव्हा. पडद्याच्या कोपऱ्यात पृथ्वीचा गोल तसाच बसलेला असतो आणि अर्ज भरायची मुदत रात्री बारालाच संपणार असते.

अशा वेळी जे उपाय सुचतात त्यातले निम्मे नुकसान वाढवणारे असतात. कोणी टाचणी घेऊन राउटरच्या मागच्या बारीक भोकात खुपसतो. त्याने राउटर नुसता बंद-चालू होत नाही, तर नेटवाल्याने भरलेले युजरनेम, पासवर्ड आणि बाकीच्या सेटिंग पुसल्या जातात, आणि मग ज्यांचे नेट व्यवस्थित चालले होते त्या घरातल्या इतरांचेही बंद पडते. कोणी लॅपटॉप उचलून दुकानात नेतो आणि तिथे "फॉरमॅट मारावा लागेल" हे ठरलेले उत्तर ऐकतो. लॅन चालत नाही म्हणून विंडोज नव्याने टाकायची वेळ फार क्वचित येते. बहुतेक वेळा दोन गोष्टी नीट पाहिल्या तरी दोष कुठे दडला आहे ते कळते: पोर्टजवळचा दिवा आणि लॅपटॉपला मिळालेला आयपी पत्ता.

दिवा आधी. लॅन पोर्टच्या कडेला बहुधा हिरवा आणि पिवळा किंवा नारिंगी असे दोन बारीक दिवे असतात. जोडणी झाली की एक लागून राहतो आणि डेटाची ये-जा सुरू झाली की लुकलुक होते. काही पातळ लॅपटॉपमध्ये हे दिवे दिलेलेच नसतात. तेव्हा वायरच्या दुसऱ्या टोकाला जावे. राउटरच्या दर्शनी बाजूला बहुधा प्रत्येक लॅन पोर्टच्या क्रमांकाचा दिवा असतो. वायर लावल्यावर तो लागत नसेल तर दोष वायर, पोर्ट किंवा खुद्द अडॅप्टरमध्ये आहे, आणि ब्राउझर बदलून किंवा पासवर्ड पुन्हा टाकून काही होणार नाही. विंडोजही अशा वेळी 'नेटवर्क केबल अनप्लग्ड' असा निरोप देते. वायर तर डोळ्यांसमोर लावलेली असते, म्हणून माणूस त्या निरोपावर विश्वास ठेवत नाही. ठेवावा. विंडोजला वायर दिसत नाही, तिच्यातून येणारा सिग्नल दिसतो किंवा दिसत नाही.

आता वायर. इथे जरा रेंगाळायला हवे, कारण सर्वांत जास्त भानगडी इथेच असतात आणि सर्वांत कमी लक्षही इथेच जाते. वायरच्या टोकाला जो पारदर्शक प्लॅस्टिकचा कनेक्टर असतो, ज्याला दुकानदार आरजे-४५ म्हणतात, त्यावर एक लवचीक खटका असतो. वायर दोन-चार वेळा ओढून काढली की हा खटका मोडतो. मग कनेक्टर पोर्टमध्ये शिरतो, पण 'टक्' असा आवाज येत नाही आणि लॅपटॉप किंचित सरकला तरी आतली पकड सुटते. नेट येते-जाते, येते-जाते अशी तक्रार असेल तर आधी हा खटका पाहावा. मोडला असेल तर कनेक्टर कापून नवा बसवून घ्यावा. क्रिम्पिंगचे हत्यार असलेला कोणताही नेटवाला पाच मिनिटांत ते करतो.

कनेक्टर प्रकाशात धरला तर आतल्या आठ बारीक रंगीत तारा दिसतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्यांचा क्रम असा असतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. खटका खालच्या बाजूला आणि तोंड आपल्यापासून लांब धरले की डावीकडून हा क्रम वाचता येतो. दोन्ही टोकांना तो सारखाच असायला हवा, आणि प्रत्येक तार कनेक्टरच्या पुढच्या भिंतीला टेकलेली हवी. एखादी तार आखूड पडून मागे राहिली की तिच्यावर सोनेरी पातीचा दात बसतच नाही.

या आठ तारांच्या चार जोड्या असतात, आणि इथे एक मजेदार लक्षण हाती लागते. १०० मेगाबिटच्या जोडणीला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात. १,००० मेगाबिटला, म्हणजे गिगाबिटला, चारही लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी तार तुटली तरी नेट कित्येकदा चालूच राहते, फक्त गिगाबिटवरून १०० वर उतरते. प्लॅन २०० किंवा ३०० मेगाबिटचा आहे, मोबाइलवर वायफायने तेवढा वेग मिळतोही, आणि वायरने जोडलेला लॅपटॉप मात्र ९४-९५ च्या पुढे सरकत नाही, असे दिसले तर नेटवाल्याशी भांडण्याआधी वायर बदलून पाहावी. ९४-९५ हा आकडा म्हणजे १०० च्या जोडणीतून वरखर्च वजा जाता हाती पडणारा वेग. विंडोजमध्ये इथरनेटच्या माहितीत 'लिंक स्पीड' दिलेला असतो. तिथे १००/१०० लिहिलेले दिसले की शंका पक्की. पोर्टच गिगाबिटचा नसेल तरी हाच आकडा दिसतो. स्वस्तातल्या अनेक राउटरांचे लॅन पोर्ट अजूनही १०० मेगाबिटचेच असतात, तेवढे खोक्यावर वाचून घ्यावे.

वायर कशाची आहे, हाही प्रश्न आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत लॅन केबल मागितली की दुकानदार दोन भाव सांगतो. स्वस्त वायरीत बहुधा ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. ती दिसते तांब्यासारखी, पण दाराच्या फटीतून दाबून नेली किंवा चार वेळा दुमडली की आतल्या आत तुटते आणि वरचे आवरण जसेच्या तसे राहते. कायमची ओढायची असेल तर पूर्ण तांब्याची मागावी आणि एक टोक सोलून तार नखाने खरवडून पाहावी. आत पांढरट धातू दिसला की उत्तर मिळाले. लांबीची मर्यादा १०० मीटर. घरात तेवढी वायर कोणी ओढत नाही, पण सोसायटीच्या गच्चीवरच्या स्विचमधून सातव्या मजल्यावरून खाली, मग दुसऱ्या विंगमध्ये अशी फिरत आलेली वायर ती सहज ओलांडते.

परीक्षा सोपी आहे. ज्या वायरने दुसरा लॅपटॉप किंवा टीव्ही चालतो तीच वायर या लॅपटॉपला लावावी, आणि राउटरचा पोर्टही बदलावा. पोर्ट बदलताना राउटरच्या 'वॅन' पोर्टात वायर घातली जाऊ नये. तो बहुधा वेगळ्या रंगाचा असतो आणि नेट आत येण्यासाठी असतो, बाहेर वाटण्यासाठी नाही.

वायर निर्दोष ठरली तर टॉर्च घेऊन लॅपटॉपच्या पोर्टात डोकवावे. आठ सोनेरी काड्या एका रांगेत, सारख्या उंचीवर दिसायला हव्यात. एखादी दबलेली असते, एखादी शेजारणीवर चढलेली. कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत त्यांवर हिरवट थरही चढतो. पातळ लॅपटॉपमध्ये पोर्टचा खालचा जबडा उघडतो. त्याची स्प्रिंग सैल झाली की कनेक्टर बसल्यासारखा वाटतो, पण काड्यांना टेकत नाही. हलक्या हाताने कनेक्टर वर उचलून धरल्यावर दिवा लागत असेल, तर दोष याच जबड्याचा. स्वच्छतेसाठी लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, मऊ ब्रश आणि थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते. सुई, टाचणी, पिन यांपैकी काहीही आत घालू नये.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात लॅन पोर्ट मरण्याचे कारण वेगळे असते. आपल्या गावाशहरांत केबलवाल्यांनी अजूनही कितीतरी ठिकाणी तांब्याची वायर इमारतीवरून इमारतीवर टाकलेली आहे. जवळपास वीज पडली की त्या लांब वायरीत दाबाचा झटका तयार होतो आणि तो सरळ पोर्टात शिरतो. लॅन पोर्टमागे बारीक ट्रान्सफॉर्मर बसवलेले असतात आणि ते १,५०० व्होल्टपर्यंतचा दाब अडवतील अशी प्रमाणकाची अपेक्षा आहे, पण विजेचा झटका हा हिशेब पाळत नाही. परिणाम चमत्कारिक दिसतो: लॅपटॉप सुरू होतो, वायफाय चालते, फक्त लॅन मेलेले. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, म्हणून फायबरवाले निर्धास्त असतात. पण फायबरच्या डब्याचा अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतो आणि त्याच्यापासून लॅपटॉपपर्यंतची वायर तांब्याचीच असते. गडगडाट सुरू झाला की वायर लॅपटॉपमधून काढून ठेवणे हाच खरा बचाव.

पोर्ट जिवंत आहे का, हे ताडायची एक युक्ती आहे. लॅपटॉप शट डाउन करावा, चार्जर लावलेला ठेवावा, वायरही लावलेली. बऱ्याच लॅपटॉपमध्ये दूरवरून जागे करण्याच्या सोयीसाठी लॅनच्या चिपला बंद अवस्थेतही थोडी वीज मिळत राहते. तेव्हा राउटरवरचा त्या पोर्टचा दिवा लागलेला राहिला, तर हार्डवेअर शाबूत आहे आणि दोष विंडोजच्या बाजूला शोधावा. दिवा विझला तर मात्र त्यावरून काहीच ठरत नाही.

विंडोजच्या बाजूला पहिले ठिकाण म्हणजे डिव्हाइस मॅनेजर. स्टार्टच्या चिन्हावर उजवे बटण दाबले की यादीत ते सापडते. तिथे 'नेटवर्क अडॅप्टर्स' उघडावे. रियलटेक किंवा इंटेलच्या नावापुढे 'इथरनेट', 'जीबीई' किंवा 'गिगाबिट' असे काहीतरी दिसेल. नावावर खाली तोंड केलेला बाण असेल तर अडॅप्टर कोणीतरी बंद केलेला आहे. उजवे बटण दाबून 'एनेबल' केले की काम झाले. पिवळा त्रिकोण असेल तर नावावर दोनदा क्लिक करून कोड वाचावा. २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. १० म्हणजे उपकरण सुरूच होत नाही. ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले.

नावच यादीत नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर आणि वायर काढून, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आतली उरलीसुरली वीज निघून जाते आणि अडकलेली चिप कित्येकदा यानेच शुद्धीवर येते. तरीही नाही, तर बायोसमध्ये 'ऑनबोर्ड लॅन' किंवा 'इंटिग्रेटेड एनआयसी' डिसेबल तर नाही ना, ते पाहावे. बायोसमध्ये शिरण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी ठेवावी. तिथे काही बदलले की काही लॅपटॉप पुढच्या वेळी ती मागतात, आणि ती नसली तर लॅनचा प्रश्न किरकोळ वाटू लागतो.

ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल क्रमांक टाकून. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' असे सांगणारी सॉफ्टवेअर टाळलेली बरी. आता नेटच नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडावा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे. वायफाय बंद असले तरी लॅपटॉपला फोनचे नेट मिळते.

कालपर्यंत चालत होते आणि आज बंद, असे असेल तर मध्ये अपडेट आले होते का ते आठवावे. यात कोणतीच कंपनी सोवळी नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ॲपलच्या एका गुपचूप उतरलेल्या सुरक्षा अपडेटने काही आयमॅक आणि मॅकबुक प्रोंचा स्वतःचाच इथरनेट ड्रायव्हर अडवला आणि त्यांची वायरची जोडणी बंद पडली. नंतर दुरुस्त अपडेट द्यावे लागले. विंडोजमध्ये अशा वेळी अडॅप्टरच्या 'ड्रायव्हर' टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' असते. ते बटण फिके असेल तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून लॅपटॉप रीस्टार्ट करावा. विंडोज ड्रायव्हर पुन्हा बसवते.

रीस्टार्टच करावा, शट डाउन नव्हे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आले आणि तेव्हापासून शट डाउन हे अर्धवट झोपणे झाले आहे: ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि पुन्हा सुरू करताना तीच, बिघाडासकट, परत येते. डिसेंबर २०१६ मध्ये विंडोज १० वापरणाऱ्या युरोपातल्या अनेकांना राउटरकडून पत्ताच मिळेना, तेव्हा मायक्रोसॉफ्टनेही पहिला उपाय म्हणून रीस्टार्टच सुचवला होता.

झोपेतून उठल्यावर नेट जाते, अशी तक्रार असेल तर अडॅप्टरच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढून टाकावी. 'ॲडव्हान्स्ड' टॅबमधले 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' बंद करून पाहायलाही हरकत नाही. तिथेच 'स्पीड अँड डुप्लेक्स' असते. ते एरवी 'ऑटो निगोशिएशन'वर असावे, पण जोडणी सतत तुटत असेल तर १०० मेगाबिट फुल डुप्लेक्सवर ठेवून पाहावे. तसे स्थिर झाले तर पुन्हा वायरीकडे वळायचे. इंटेलच्या आय२२५-व्ही या २.५ गिगाबिटच्या चिपच्या सुरुवातीच्या आवृत्त्या काही स्विचांशी जोडल्या की डेटा गाळत. त्यावरही वेग १ गिगाबिटवर आणणे हाच तात्पुरता उपाय होता.

अनेक नव्या लॅपटॉपना लॅन पोर्टच नसतो. २००८ च्या पहिल्या मॅकबुक एअरने तो काढून टाकला आणि मग बाकीच्यांनीही पातळपणाच्या नादात तीच वाट धरली. मग यूएसबीचा अडॅप्टर येतो आणि त्याचे वेगळे नखरे. तो यूएसबी हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपमध्ये लावावा; गिगाबिटचा असेल तर यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये, कारण यूएसबी २ ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट आहे. काही स्वस्त अडॅप्टर लावल्यावर नेटवर्कऐवजी एक सीडी ड्राइव्हच दिसू लागते. त्या ड्राइव्हमध्ये ड्रायव्हर असतो. तो बसवला की अडॅप्टर खऱ्या रूपात येतो.

दिवा लागला, अडॅप्टरही ठीक दिसतो, तरी नेट नाही? आता पत्ता. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. इथरनेटखाली आयपीव्ही४ पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. वाट पाहून लॅपटॉपने स्वतःच एक घेतला आहे. राउटर एकदा बंद करून, मिनिटभराने सुरू करावा. मग 'आयपीकॉन्फिग' पुढे जागा सोडून, तिरकी रेघ देऊन 'रिलीज' आणि नंतर तशीच 'रिन्यू' ही आज्ञा द्यावी.

पत्ता १६९ चा नाही, पण घरातल्या बाकी उपकरणांशी जुळतही नाही, असेही होते. घरात सगळ्यांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात आणि या लॅपटॉपचा १० ने. ऑफिसात कोणीतरी हाताने भरून ठेवलेला पत्ता घरी आला, एवढाच त्याचा अर्थ. इथरनेटच्या सेटिंगमध्ये 'आयपी असाइनमेंट' पुन्हा 'ऑटोमॅटिक' करावे. मात्र लॅपटॉप ऑफिसचा असेल तर जुने आकडे आधी कागदावर उतरवून घ्यावेत.

राउटर मध्ये न ठेवता केबलवाल्याची वायर थेट लॅपटॉपला येत असेल तर प्रकरण निराळे. अनेक स्थानिक नेटवाले युजरनेम-पासवर्ड देऊन 'ब्रॉडबँड कनेक्शन' डायल करायला लावतात. त्यात ६९१ ही चूक आली तर नाव किंवा पासवर्ड चुकला आहे, किंवा खाते बंद आहे. आधी पैसे भरल्याची तारीख पाहावी. ६५१ आली तर पलीकडून उत्तरच येत नाही. घरात नवा राउटर आला आणि डायल करायचे काम तो करू लागला, तरी सवयीने लॅपटॉपवरून डायल करत राहणाऱ्यांनाही ६५१ भेटते. त्यांनी डायल करणे सोडून द्यावे. शिवाय काही नेटवाले ग्राहकाचे खाते त्याच्या उपकरणाच्या भौतिक पत्त्याला बांधून ठेवतात. लॅपटॉप किंवा यूएसबी अडॅप्टर बदलला की दिवा लागतो, सगळे ठीक दिसते आणि नेट येत नाही. 'आयपीकॉन्फिग'ला तिरकी रेघ आणि 'ऑल' जोडले की बारा अक्षर-अंकांचा 'फिजिकल ॲड्रेस' दिसतो. तो नेटवाल्याला कळवावा. कॉलेजांत आणि ऑफिसांतही असेच कुलूप असते आणि ते फक्त तिथला आयटी विभाग उघडू शकतो.

पत्ताही योग्य असेल तर 'पिंग' ही आज्ञा द्यावी: आधी राउटरच्या पत्त्याला, म्हणजे 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून दिसतो त्याला, मग इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला. राउटर उत्तर देतो आणि ८.८.८.८ देत नाही, तर नेट बाहेरूनच बंद आहे. फायबरच्या डब्यावर लाल दिवा आहे का पाहावे. दोन्ही उत्तर देतात आणि तरी साइट उघडत नाहीत, तर डीएनएस, अर्धवट काढलेले व्हीपीएन, अँटीव्हायरस किंवा प्रॉक्सी यांपैकी कोणाचा तरी हात असतो. आणि लॅपटॉपचे घड्याळ पाहावे. तारीख काही वर्षे मागे गेलेली असेल तर सुरक्षित साइट उघडायला नकार देतात आणि माणूस लॅनला दोष देत बसतो.

'नेटवर्क रीसेट' शेवटी. ते सगळे अडॅप्टर नव्याने बसवते, पण साठवलेले वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएनच्या सेटिंगही जातात.

दुरुस्तीला नेण्याआधी एक निर्णायक चाचणी घरीच होते. पेन ड्राइव्हवर उबुंटू घ्यावे, लॅपटॉप त्यावरून सुरू करावा आणि 'ट्राय' हा पर्याय निवडावा. विंडोजला हात लागत नाही. तिथे वायरने नेट चालले तर हार्डवेअर ठणठणीत आहे. तिथेही दिवा मिणमिणला नाही, तर पोर्ट किंवा चिप गेली असे धरावे. पोर्ट बदलून मिळतो, त्याला फार खर्च नाही. चिप मात्र बहुतेक लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरच डाख देऊन बसवलेली असते, आणि दुकानदार मदरबोर्ड बदलायची भाषा करू लागतो. लॅपटॉप वॉरंटीत नसेल तर तो खर्च फक्त लॅनसाठी करण्यात अर्थ नाही. गिगाबिटचा यूएसबी अडॅप्टर हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि रोजच्या कामाला पुरून उरतो. तो बसवल्यावर मेलेला अडॅप्टर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिसेबल करून टाकावा, म्हणजे त्याचा पिवळा त्रिकोण पुढच्या दुरुस्तीवाल्याची दिशाभूल करत नाही.